मलावीतल्या शाळेसाठी १२० कापडी पॅडसंच: इथून पाठवावेत की तिथे शिवावेत?

दूरदेशी
मलावीच्या देड्झा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत १२० मुलींना पाळीसाठी धुऊन वापरायचे पॅड द्यायचे आहेत. पुण्यातल्या बचत गटाकडून शिवून घ्यावेत का? एकीला किती लागतात? आणि पॅड मिळाले की मुली शाळा बुडवणार नाहीत, असं देणगीदारांना सांगावं का?

शिलाईघर
तिथेच शिवा. पायमशीन घेऊन दुकानांच्या वऱ्हांड्यात बसलेले शिंपी तिथल्या बाजारात भेटतात. पुढच्या वर्षी कव्हर फाटलं तर तेच दुरुस्त करतील. इथून फक्त पीयूएल हे जलरोधक कापड आणि प्लास्टिकची टिचबटणं न्या, दोन्ही हलकी असतात.

जाड एकसंध पॅड नकोच. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे पावसाळा, तो वाळतच नाही आणि ओला वापरला की पुरळ उठतं. दोन भाग करा: पंखांचं पीयूएल कव्हर, आणि तीन घड्या घालून त्यात सरकवायचा फ्लॅनेलचा दुहेरी रुमाल, शिवून २४ × २२ सेंमी. उलगडून दोरीवर टाकला की साधा रुमालच दिसतो, म्हणून मुली तो गादीखाली न लपवता उन्हात घालतात.

एकीला ८ रुमाल, २ कव्हरं. ९६० रुमालांना ११० सेंमी पन्ह्याचं फ्लॅनेल, आटणं धरून, १२५ मीटर लागेल. कापण्याआधी ते धुवाच, नाहीतर पहिल्या धुण्यात रुमाल आखडतो. कव्हरच्या मधोमध शिलाई मारू नका, सुईच्या भोकांतून गळतं. टाचण्यांऐवजी चिमटे लावा.

निळी बादली
वरच्या रचनेचा आणखी एक फायदा. तिथे पुत्सी माशी असते. ती सावलीत वाळणाऱ्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते, अळी कातडीत शिरते आणि गळू होतं. म्हणून कपड्यांना कोळशाची गरम इस्त्री करतात. पीयूएल तेवढ्या उष्णतेत वितळतं, पण सुटा रुमाल इस्त्रीखाली चालतो. कव्हर कडक उन्हात दोरीवर घाला, गवतावर नाही.

संचात २ चड्ड्या हव्यातच, पंख अडकवणार कशाला? शिवाय साबण आणि चेनची पिशवी. आधी थंड पाण्यात भिजवायला शिकवा, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. शाळेच्या संडासाला आतून कडी नसेल तर आधी ती बसवा.

खडू-फळा
देणगीदारांना तसं सांगू नका. ग्रामीण मलावीतल्या अभ्यासात पाळीमुळे होणारी गैरहजेरी एकूण गैरहजेरीचा लहानसा भाग निघाली. पॅड द्यावेत ते मुलीला निर्धास्त बसता यावं म्हणून, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

शाळा सुटते ती बहुधा पैशामुळे, लग्नामुळे, गरोदरपणामुळे. प्राथमिक शिक्षण १९९४ पासून मोफत आहे, पण माध्यमिकला गणवेश आणि लांबच्या मुलींना खोलीभाडं लागतं. एखाद्या मुलीचा हा खर्च उचलणार असाल आणि शाळेत काही शुल्क लागलंच, तर ते थेट शाळेत, पावती घेऊन भरा. फॉर्म १ ते ४ अशी चारही वर्षं निभावणार असाल तरच मुलगी निवडा.

लग्नाचं वय २०१५ च्या कायद्याने १८ झालं. पालकांच्या संमतीने १५ व्या वर्षी लग्नाची राज्यघटनेतली पळवाट २०१७ मध्ये बुजली. देड्झाच्याच पारंपरिक प्रमुख थेरेसा काचिंदामोटो यांनी शेकडो बालविवाह मोडून मुलींना शाळेत परत पाठवलं. प्रसूतीनंतर परत प्रवेश देण्याचं धोरणही १९९३ पासून आहे, पण मुलीच्या घरी जाऊन ते सांगावं लागतं. हे काम शाळेचा मदर ग्रुप, म्हणजे गावातल्या मातांचा गट, करतो. संचवाटपही त्यांच्याच हातून करा, मुख्याध्यापकांच्या टेबलावरून नको.

दूरदेशी
मग आधी १० संच शिवून मदर ग्रुपला दाखवतो. फ्लॅनेल कोणत्या रंगाचं?

शिलाईघर
गडद आणि नक्षीचं. पांढरं अजिबात नको.