झाडं न् समुद्र एवढा कार्बन शोषतात, मग हवेतला वाढतोय कसा?

पानगळ:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारते. झाडं म्हणे वर्षाला साधारण १२० अब्ज टन कार्बन हवेतून ओढतात, समुद्र ८० च्या आसपास, आणि आपण कोळसा-तेल-गॅस जाळून सोडतो तो १० अब्ज टन. म्हणजे आपण किस झाड की पत्ती! मग एवढी बोंबाबोंब कशाला? आणि नद्या, तळी पण शोषत असतीलच ना, त्यांचं नाव कोणी घेत नाही ते?

जमाखर्च:
अहो तुम्ही फक्त आत जाणारा आकडा बघताय. १२० मधला जवळपास निम्मा झाडं स्वतःच श्वसनात सोडून देतात, उरलेला पालापाचोळा कुजताना बुरशी आणि जिवाणू सोडतात, थोडा वणव्यात जातो. समुद्राचंही तसंच, थंड पाण्यात मुरतो आणि विषुववृत्ताजवळ खोलचं पाणी वर येऊन तापलं की सुटतो. येणंजाणं जवळपास सारखं, त्यामुळे औद्योगिक क्रांतीआधी हजारो वर्षं हवेत कार्बन डायऑक्साइड (सीओटू) २८० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २८० भागांच्या, आगेमागेच होता. आपले १० मात्र एकतर्फी आहेत, कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला माल वर काढतोय. त्यातला निम्म्याच्या आसपास हवेत राहतो, बाकीचा जमीन आणि समुद्र वाटून घेतात. आता ४२० च्या वर गेलोय.

आणि हो, कुठे ३७ अब्ज टन वाचलंत तर गोंधळू नका, तो सीओटूचा आकडा, ऑक्सिजनचं वजन धरून, नुसत्या कार्बनचा १०. ह्यावरून लोक फुकटची भांडणं करतात.

निवांत:
पण वाढलेला आपलाच कशावरून? ज्वालामुखी आहेत, समुद्र तापून बाहेर टाकत असेल...

जमाखर्च:
ज्वालामुखी आपल्या एक टक्कासुद्धा नाहीत. समुद्रातून येत असता तर समुद्रातला कमी व्हायला हवा होता, तो उलट वाढतोय, वरच्या पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप, पाण्यात सीओटू वाढला की उतरतो) ८.२ वरून ८.१ वर आलाय. शिवाय हवेतला ऑक्सिजन किंचित घटतोय, म्हणजे काहीतरी जळतंय. आणि हवेतल्या कार्बन-१३ चं (कार्बनचा जरा जड प्रकार) प्रमाणही उतरतंय, कोळसा-तेल मुळात वनस्पती आणि शेवाळापासून बनलेलं, त्यात ते कमीच असतं.

गाळ:
नद्या-तळ्यांवर कोणीच बोललं नाही म्हणून मी. बहुतेक नद्या न् तळी शोषत नाहीत, सोडतात! पावसाचं पाणी मातीतून झिरपतं, मातीच्या छिद्रांतल्या हवेत सीओटू बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त, तो पाण्यात विरघळतो आणि ओढ्यात येऊन पाणी दगडांवर आपटलं की भसकन सुटतो. वर वाहून आलेला पाला जिवाणू खातात ते वेगळंच. तळ्यांचे अभ्यासक जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हिशेब मांडला होता, जमिनीवरून वर्षाला सुमारे १.९ अब्ज टन कार्बन गोड्या पाण्यात उतरतो आणि समुद्रापर्यंत पोचतो ०.९, बाकीचा हवेत जातो नाहीतर गाळात पुरला जातो. त्याआधी बरेच जण नद्यांना नुसता पाइप समजत होते.

शेवाळ माजलेलं तळं याला अपवाद, भर दुपारी पीएच मोजला तर ९ च्या वर सुद्धा सापडतो कारण शेवाळानं सीओटू ओढून घेतलेला असतो, पहाटे परत उतरलेला. पण त्याच तळ्याच्या चिखलात काठी खुपसा, बुडबुडे येतील, ते बरेचसे मिथेनचे.

पानगळ:
बापरे, हे माहीतच नव्हतं. पण समुद्रात म्हणे ३८,००० अब्ज टन आहे, मग आपला पण घेईल की सगळा?

गाळ:
बराचसा घेईल, पण घाई त्याला नाही, आपल्याला आहे. हवेशी गाठ पडते ती वरच्या थराची, तिथलं पाणी खोल जाऊन मिसळायला शेकडो ते हजार वर्षं लागतात. त्यात सीओटू मुरतो तो पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेट नावाच्या घटकाशी मिळून बायकार्बोनेट होतो म्हणून, आणि जसजसा जास्त घेतो तसतसं वरच्या पाण्यातलं कार्बोनेट संपत जातं, म्हणजे पुढचा टन घेणं आधीच्यापेक्षा अवघड. शंखशिंपल्यांनाही तेच कार्बोनेट लागतं.