इलेक्ट्रिक शॉवरला गार पाणी, घरात तीन आठवड्यांचं बाळ

नवी_आई_रेडिंग

मंडळी, जरा तातडीने मदत हवी आहे. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याच्या घरात राहतो. बाळ तीन आठवड्यांचं आहे, बाळंतपणासाठी सांगलीहून आई आली आहे. परवापासून वरच्या बाथरूममधला इलेक्ट्रिक शॉवर धड तापतच नाही. बंद पडलेला नाही, लाल दिवा लागतो, पाणीही येतं, पण गार. बटण मीडियमवर ठेवा नाहीतर हायवर, काही फरक नाही. तापमानाचा नॉब शेवटपर्यंत फिरवला की धार बारीक होते आणि पाणी कसंबसं कोमट होतं.

बाथरूममध्ये टब नाही, नुसता शॉवर आहे. बेसिनच्या नळाला गरम पाणी येतं, पण त्या नळाखाली बादली जात नाही. म्हणून आई खालच्या स्वयंपाकघरातून कढत पाण्याची बादली जिन्याने वर आणते. ६४ वर्षांची आहे ती. मला न्हाऊ घालायचं, बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालायची, शेक द्यायचा, यातलं एकही ती सोडायला तयार नाही. त्या अरुंद जिन्यावर तिला बादली घेऊन चढताना बघितलं की माझा जीव वर-खाली होतो. टाके ओढतात म्हणून मला उचलता येत नाही, नवरा सकाळी सातलाच बाहेर पडतो.

शॉवर ८.५ किलोवॅटचा आहे, घरमालकाने नऊ वर्षांपूर्वी बसवलेला. काय झालं असेल?

कोथरूडकर

ताई, बॉयलरचं प्रेशर बघितलंत का? माझ्या बहिणीकडे लंडनला तसंच झालं होतं.

नवी_आई_रेडिंग

बॉयलर ठीक आहे दादा. बेसिनला आणि स्वयंपाकघरात हात भाजेल इतकं पाणी येतंय. रेडिएटरही तापतात.

वायरमन_लेस्टर

बॉयलरचा इथे संबंध नाही. इलेक्ट्रिक शॉवरला फक्त थंड पाण्याची लाइन असते, ते पाणी त्या डब्यातच वाहता वाहता तापतं. आपल्याकडे १५ लिटरच्या गिझरला २ किलोवॅटचं एलिमेंट असलं तरी चालतं, कारण त्याला तापायला वेळ मिळतो. इथे वेळच नसतो, म्हणून ८.५ किलोवॅट लागतात. आत बहुतेक दोन एलिमेंट असतात. मीडियमवर एक चालतं, हायवर दोन्ही.

तुम्ही म्हणता मीडियम आणि हाय सारखंच, तिथेच मला शंका येते. पण इथे थंडीत नळाचं पाणीच ५-६ डिग्रीचं येतं, त्यामुळे चांगला शॉवरही कोमट वाटू शकतो. दोन्हीतलं नक्की काय ते घरबसल्या कळेल. मोजपात्र घ्या, नॉब सगळ्यात गरमवर ठेवून एका मिनिटात किती लिटर पाणी येतं ते मोजा. स्मार्ट मीटरचा छोटा डिस्प्ले असेल तर हायवर किती किलोवॅट दाखवतो ते बघा. आणि हे करण्याआधी शॉवरची वीज चालू-बंद करणारा छताला जो दोरीचा स्विच आहे त्याच्याकडे नीट बघा.

अ‍ॅबर्डीनचा_पाहुणा

शॉवरच्या झाऱ्यात क्षार अडकले असतील. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

वायरमन_लेस्टर

रेडिंगचं पाणी जड आहे, झारा साफ करायलाच हवा, बरोबर. पण झारा तुंबला की वेगळं होतं: पाणी आधी चांगलं गरम येतं, आतला डबा जास्त तापतो, जास्त तापल्यावर वीज तोडणारा थर्मल कट-आउट उडतो आणि दोन-चार मिनिटांनी एकदम गार धार येते. ताईंचं पाणी पहिल्यापासूनच कोमट आहे.

नवी_आई_रेडिंग

मोजलं. आईने मोबाइलवर वेळ लावली, मी जग धरला. मिनिटाला ३ लिटर, थोडं कमीच. डिस्प्लेवर शॉवर बंद असताना ०.३ होतं, हायवर ४.४ झालं. मीडियमवरही ४.४.

काका, स्विचकडे मात्र मी नंतर बघितलं, चुकलंच माझं. दोरी जिथून बाहेर येते तिथे पांढऱ्या प्लास्टिकवर चहाच्या डागासारखा तपकिरी डाग आहे, आणि एका बाजूला प्लास्टिक किंचित फुगलंय. स्टुलावर चढून नाक नेलं तर जळका वास येतो. आई म्हणते हा वास तिला दोन दिवस येत होता, तिला वाटलं इथल्या हीटरचाच असेल.

वायरमन_लेस्टर

आता शॉवर अजिबात लावू नका. दोरी ओढून थांबू नका, खाली फ्यूजबोर्डवर जाऊन शॉवरचा एमसीबी (फ्यूजच्या जागचा स्विच) पाडा आणि त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे घरात दुसरं कोणी चुकून चालू करणार नाही. त्या स्विचमधून ३५ अँपिअर जातात. आतला स्क्रू सैल झाला की तिथेच तापतं आणि एक दिवस पेट घेतं.

आता तुमचं गणित. ३ लिटरला पूर्ण ८ किलोवॅट मिळाले असते तर पाणी ३८ डिग्रीने वाढलं असतं, म्हणजे ६ वरून ४४. कढत म्हणावं असं. तुमच्याकडे त्याच्या निम्मीच वाढ होतेय, आणि डिस्प्लेही निम्माच आकडा दाखवतोय. थंडीचा दोष नाही, एक एलिमेंट गेलंय किंवा त्याचा आतला स्विच.

कोथरूडकर

एलिमेंट ऑनलाइन मिळतं की. मी गिझरचं घरीच बदललं होतं.

वायरमन_लेस्टर

दादा, कळकळीने सांगतो, हा सल्ला नको. ओल्या जागेत ३५ अँपिअरची लाइन आहे, घर भाड्याचं आहे आणि घरात बाळंतीण आहे. शिवाय खर्च तिचा नाहीच. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे पाणी तापवायची सोय दुरुस्त ठेवणं घरमालकाकडे येतं. ताई, आत्ताच्या आत्ता घरमालकाच्या एजंटला ईमेल करा: स्विचचा फोटो, जळका वास, घरात नवजात बाळ. ‘शॉवर गार आहे’ एवढंच लिहिलंत तर ते सोमवारवर ढकलतील. २०२० च्या नियमांप्रमाणे दर ५ वर्षांनी वायरिंगची तपासणी करावी लागते, त्या रिपोर्टची प्रतही मागा.

आणखी एक. मालक म्हणेल आता १०.५ किलोवॅटचा मोठा शॉवर बसवतो. केबल बघितल्याशिवाय हो म्हणू नका. १०.५ ला जवळजवळ ४४ अँपिअर लागतात. जुन्या घरात बऱ्याचदा ६ एमएमची केबल आणि ४० अँपिअरचा एमसीबी असतो, त्यावर तो चालणार नाही.

नवी_आई_रेडिंग

एमसीबी पाडला, पट्टी लावली. फोटोसकट ईमेल गेलं. बादली वर न्यायचं आता बंद. आईने स्वयंपाकघरातच सिंकजवळ चटई टाकली, दार लावून घेतलं आणि बाळाला तिथेच आंघोळ घातली.

नवी_आई_रेडिंग

गुरुवारी इलेक्ट्रिशियन येऊन गेला. मीटर लावल्यावर एका एलिमेंटला साडेतेरा ओहम आले, दुसरं तुटलेलं, त्यातून करंटच जात नव्हता. दोरीचा स्विच उघडला तर एका वायरचं आवरण बोटाच्या पेराएवढं काळं पडून कडक झालं होतं. त्याने ते मला हातात दिलं, नखाने दाबलं तर कुरकुरीत तुटलं. आई शेजारीच उभी होती, तिने बाळाला उचलून घट्ट धरलं.

केबल ६ एमएमचीच निघाली, म्हणून परत ८.५ चाच शॉवर बसवला, स्विचही नवा. आज डिस्प्लेवर ८.६ दिसले. झारा काढून पाइपने १५ लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागतात. आई म्हणते चालेल, तोवर तेल लावून होतं.

काका, आईने तुमचं गाव विचारलंय.

वायरमन_लेस्टर

कराड. आईंना नमस्कार सांगा. दर महिन्याला एकदा त्या स्विचला हात लावून बघा. जरा कोमट लागला तर चालेल, चटका बसला तर लगेच एमसीबी पाडा.