तोंड उघडं ठेवून झोपणारं मूल, अरुंद टाळू आणि पुढे येणारे दात

रानजाई: मूल साडेसात वर्षांचं. रात्री तोंड उघडं, उशी ओली. वरचे पुढचे दोन दात बाहेर झुकलेत, टाळू उंच आणि अरुंद. 'जीभ टाळूला चिकटवून ठेवा, जबडा रुंद होतो' असे व्हिडिओ सगळीकडे दिसतात. करून घ्यावं का?

सुळा: व्हिडिओ राहू द्या, आधी नाक बघा. एक नाकपुडी दाबून दुसरीखाली गार स्टीलचा चमचा धरा. दोन्ही बाजूंना सारखी वाफ धरते का? मग तोंडात घोटभर पाणी देऊन, ओठ मिटवून दोन मिनिटं बसवा. मधेच पाणी गिळून 'हाऽ' करून श्वास घेतला, तर नाक अपुरं पडतंय असं धरून ईएनटीकडे जा. या वयात नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढलेली असणं नेहमीचंच. किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी. झोपेतला पाच मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्या, घोरणं आणि श्वास अडकणं त्यात कळतं. आणि कृपा करून तोंडाला चिकटपट्टी लावू नका. नाक चोंदलेलं असेल तर ते थेट धोक्याचं.

हिरडी: वरच्या दातांची कमान आतून जीभ आणि बाहेरून गाल यांच्यामध्ये वाढते. तोंड उघडं राहिलं की जीभ खाली उतरते. गाल मात्र दाबतच राहतात, म्हणून कमान दाढांपाशी आत येते, सुळ्यांची जागा आटते. खालचा जबडा खाली-मागे झुकतो, चेहरा लांबट दिसू लागतो. गिळताना जिभेचा जोर मोठा असतो, पण दिवसभराची बेरीज काही मिनिटांचीच. दात सरकतात ते हलक्या पण तासन्‌तास टिकणाऱ्या दाबाने. म्हणून 'दिवसातून वीसदा जीभ दाबा' यातून हाती फार लागत नाही. म्यूइंगने (व्हिडिओंतल्या जीभ टाळूला चिकटवून ठेवण्याच्या याच पद्धतीने) मुलांचे जबडे रुंदावतात याला भरवशाचा पुरावाही नाही.

सगळं खापर श्वासावर फोडू नका, आनुवंशिकताही आहेच. संशोधक हार्वोल्ड यांनी माकडांची नाकं बुजवून प्रयोग केले (1981), तेव्हा सगळ्यांचे जबडे एकसारखे बदलले नाहीत. ज्याने तोंड जसं उघडं ठेवलं, तसा बदल.

पक्कड: दाढा उलट्या बसत असतील (वरच्या आत, खालच्या बाहेर), तर ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात-जबडे सरळ करणारे दंतवैद्य) टाळूत स्क्रूचं उपकरण बसवतात; चावीने स्क्रू फिरवला की टाळू रुंद होत जातो. या वयात टाळूची मधली शिवण जुळलेली नसते. चावीचा एक फेरा म्हणजे बहुधा पाव मिलिमीटर. रोज किती फेरे ते डॉक्टरच ठरवतील. घरी चुकतं ते चावी काढताना: बाणाच्या दिशेने शेवटपर्यंत ढकलून ती मागच्या बाजूने अलगद काढायची. तशीच पुढे ओढली तर फिरवलेला स्क्रू परत उलटा येतो. चावीला दोरा बांधा, घशात जायला नको. पुढच्या दोन दातांत फट पडली तर घाबरू नका, शिवण उघडल्याची ती खूण. फेरे संपल्यावरही स्क्रू काही महिने तसाच ठेवतात, मध्ये हाड भरेपर्यंत.

रानजाई: नाक मोकळं झाल्यावर जीभ नेमकी कुठे टेकवायची?

सुळा: 'त' म्हणताना टोक दातांना लागतं, ती जागा नको. 'ल' म्हणायला लावा आणि तिथेच थांबवा: दातांमागची खरबरीत हिरडी. ओठ मिटलेले, दाढा एकमेकींवर न दाबता. तोंड मोठं उघडून टोक तिथवर पोहोचत नसेल, तर जिभेखालचा पडदा आखूड आहे का तेही दाखवून घ्या.