विहिरीत नायट्रेट वाढले आहे. तालुक्यासाठी तांत्रिक सल्लागार समिती कशी नेमावी?

प्रश्न : ग्रामपंचायत सदस्य, यावल तालुका
आमच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले आहे. विहिरीच्या एका अंगाला केळीच्या बागा आणि दुसऱ्या अंगाला गावाची गटार आहे. खताचा विषय एका कार्यालयाचा, सांडपाण्याचा दुसऱ्याचा आणि भूजलाचा तिसऱ्याचा, असे उत्तर आम्हांला मिळाले. या सर्वांची एकत्रित समिती नेमता येईल का, आणि तिच्यात कोण असावे?

उत्तर : निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, जळगाव
समिती नेमली जाईपर्यंत थांबू नये. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी उकळले तर ते आटून प्रमाण उलट वाढते. त्यामुळे नायट्रेटचा सर्वाधिक धोका असलेल्या, वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांसाठी तपासलेल्या दुसऱ्या स्रोताचे पाणी आजच उपलब्ध करून द्यावे. समितीत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कृषी विभाग आणि जिल्हा परिषदेचे पाणीपुरवठा व आरोग्य विभाग असावेत. पाल येथील कृषी विज्ञान केंद्राला आवर्जून बोलवावे. समितीची स्थापना जिल्हाधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाने व्हावी आणि प्रत्येक खात्याचा प्रतिनिधी पदनामाने ठरवावा, म्हणजे बदल्या झाल्या तरी काम अडणार नाही. समिती केवळ सल्लागार असल्याने तिच्या शिफारशीवर संबंधित खात्याने किती दिवसांत लेखी उत्तर द्यायचे, हे त्याच आदेशात नमूद असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

उत्तर : भूविज्ञानाच्या अध्यापिका, धुळे
वरील सूचनेशी मी सहमत आहे, परंतु समितीचे कार्यक्षेत्र गावाच्या शिवेवर थांबू नये. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा जो सच्छिद्र थर आहे, त्यातून पाणी वेगाने मुरते आणि तापीच्या दिशेने सरकते. म्हणून वरच्या गावांच्या विहिरीही तपासाव्या लागतील. त्याच त्या विहिरींचे नमुने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर घ्यावेत, आणि नायट्रेटसोबत क्लोराईड व विष्ठाजन्य जीवाणूही तपासावेत. ही तिन्ही एकत्र वाढलेली दिसली, तर सांडपाण्याचा संशय बळावतो. सर्व खात्यांनी या नोंदी एकाच वहीत ठेवल्या नाहीत, तर प्रत्येक जण आपापलाच अहवाल पुढे करील.

उत्तर : केळी उत्पादक, रावेर
या समितीत शेतकऱ्यांनाही सदस्यत्व द्यावे, ही कळकळीची विनंती. ठिबकमधून खत किती आणि केव्हा सोडतो, हे आम्हीच खरेपणाने सांगू शकतो. पण सुरुवातीलाच आमच्यावर ठपका ठेवला, तर कोणी आपल्या विहिरीचा नमुना देणार नाही. तपासणीचे निकाल प्रथम ग्रामसभेत वाचून दाखवावेत.