मदत हवी आहे: धनगर वाड्यावरच्या आई-लेकरांचे फोटो, उजेड आणि प्रिंटचं काय करू?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात हडपसरला राहते. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे धनगर वाडे वाटेत गाठून तिथल्या आया-लेकरांचे फोटो काढते, यंदा दुसरं वर्ष.

परवा भोरच्या अलीकडे एक वाडा उतरला होता, शेतकऱ्याने खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतली होती. पुरुष चारायला गेलेले, पालांवर बायका आणि पोरंच. एका ताईंना विचारलं फोटो काढू का, तर म्हणाल्या, "लई जनांनी काढलं फोटू, हातात एक बी नाय आला." मला काय बोलावं सुचेना. तरी काढू दिला त्यांनी. आधी तांब्यातल्या पाण्याने बाळाचं तोंड पुसलं, गालाला काजळाची तीट लावली, पदर सारखा केला आणि बाळाला कडेवर घेऊन ताठ उभ्या राहिल्या, शेजारी मोठी पोरगी कोकरू उराशी धरून.

आणि तोच फोटो बिघडला! अकराचं ऊन, मागे उघडा माळ, सगळ्यांची तोंडं काळी. मग पालाच्या तोंडाशी सावलीत बसवलं तर उजेड छान मऊ, पण मागचं काळं घोंगडं फ्रेममध्ये जास्त आलं की कॅमेरा उजेड वाढवतो आणि बाळाचा चेहरा पांढराफटक. स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या एका छोट्या जागेचाच उजेड मोजणं) चेहऱ्यावर धरू की एक्सपोजर हाताने कमी करू? लेन्स ५० एमएम १.८ आहे, पोरं हलतात म्हणून शटर १/२५० च्या खाली नेत नाही. फ्लॅश नको, तान्ही दचकतात. आणि कृपया "नॅचरल काढा, धुळीची तोंडं भारी दिसतात" असं सांगू नका, त्यांना तोंड धुऊन, तीट लावूनच फोटो हवाय आणि मला ते बरोबर वाटतं.

दुसरं, प्रिंट. वाड्याच्या कारभाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता येतो पण ताईंना कागदावर हवाय, आणि मी लॅबमधून आणेपर्यंत वाडा पुढे गेलेला असतो. इन्स्टॅक्स मिनी (जागेवरच फोटो छापून देणारा कॅमेरा) बघितला, चित्र जेमतेम ६२ बाय ४६ मिमी, त्यात तिघं कशी दिसणार? कॅननचा सेल्फी (SELPHY) नावाचा छोटा प्रिंटर ४ बाय ६ इंची प्रिंट देतो, बॅटरी वेगळी घ्यावी लागते, तो कुणी असा रानात, धुळीत वापरलाय का? घोड्यावर लादलेल्या बिऱ्हाडात तो प्रिंट टिकेल का, की लॅमिनेट करून देऊ?

येत्या रविवारी परत जायचंय, वाडा तोवर वरंधा घाटाच्या जवळपास असेल असं कारभारी म्हणाले. त्याआधी सांगा प्लीज, त्या ताईंचा फोटो नीट काढून हातात द्यायचाय.