राग मरणाचा नव्हताच
'मास इफेक्ट ३' या व्हिडिओ गेमच्या शेवटी नायक शेपर्ड मरतो म्हणून लोक चिडले, असं म्हणतात; ते मला पटत नाही. शेपर्डचा सोबती मॉर्डिन गेला तेव्हा रडलोच की, तक्रार नाही केली. २००७ च्या पहिल्या भागापासून आपल्या निर्णयांची सेव्ह फाइल पुढे नेत यायचं, गेथ ही यंत्रं आणि त्यांचे निर्माते क्वेरियन यांच्यात समेट घडवायचा, आणि ऐनवेळी उगवलेलं ते पोरगं (पोराच्या रूपातली कृत्रिम बुद्धी) सांगणार, यंत्रं निर्मात्यांवर उलटणारच! वर तीन शेवटांपैकी एक निवडायचा, म्हणजे स्फोटाचा रंग तेवढा निवडा. चाहत्यांनी गेम बनवणाऱ्या बायोवेअरला तीन रंगांचे, एकाच चवीचे कपकेक पाठवले ते उगाच नाही. जून २०१२ च्या फुकट एक्स्टेंडेड कटमध्ये (वाढवलेल्या शेवटात) सोबती शेपर्डच्या नॉर्मंडी या यानावर कसे पोचले ते कळलं. पोराला नकार द्यायची सोयही आली, पण नकार दिला की रीपर्स ही शत्रू यंत्रं जिंकतात. मला तरी तो लेखकांचा रुसवाच वाटला.