आयईएल्टीएस रायटिंग ६.५ वरच अडकलंय, कॅनडा पीआरसाठी पुढे काय करू?

निगडीकर
नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ३३, एमटेक मेकॅनिकल, चाकणला एका कंपनीत डिझाइनमध्ये ९ वर्षं झाली. बायको बीकॉम, अकाउंट्सला आहे. कॅनडाच्या पीआरसाठी (कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी) एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे त्यांच्या मार्कांवर निवड करणाऱ्या सिस्टीममध्ये, प्रोफाइल टाकायचंय म्हणून इंग्लिशची आयईएल्टीएस जनरल ट्रेनिंग परीक्षा दिली, लिसनिंग ८, रीडिंग ८, स्पीकिंग ७ आणि रायटिंग साडेसहा. आधी दिली होती तेव्हा पण रायटिंग साडेसहाच होतं, म्हणजे बाकी सगळं वर गेलं आणि हे बेनं जागचं हललं नाही. दहावीपर्यंत संगमनेरला मराठी मीडियम, पण ऑफिसात दिवसभर इंग्लिश मेलच लिहितो हो, जर्मन क्लायंटला कळतं आणि एक्झामिनरला का कळत नाही देव जाणे.

क्लास लावला होता, तिथे सरांनी निबंधाची टेम्प्लेटं पाठ करून घेतली, फी भरपूर घेतली आणि रिझल्ट आल्यावर म्हणाले परत बसा, रिपीटरला डिस्काउंट देतो. आता परत १८ हजारांच्या आसपास घालायच्या आधी विचारतोय की आयईएल्टीएसच परत द्यावी का सेलपिप किंवा पीटीई या दुसऱ्या इंग्लिश परीक्षा, पेपर रिचेकिंगला टाकून काही होतं का, आणि ते एकाच मोड्यूलचं रिटेक निघालंय म्हणतात ते चालतं का? नोव्हेंबरात ३४ लागणार, त्याचे पण मार्क जातात म्हणे.

बोरिवली_फास्ट
पीटीई द्या डोळे झाकून. माझा चुलतभाऊ ऑस्ट्रेलियाला गेला, पहिल्या फटक्यात ७९ प्लस सगळ्यात. कॉम्प्युटर चेक करतो, एक्झामिनरच्या मूडचा प्रश्नच नाही.

प्रेअरीतली_पमी
बोरिवलीकर, ऑस्ट्रेलियाला चालते ती पीटीई अकॅडमिक, ती कॅनडाच्या पीआरला चालत नाही. कॅनडाला पीटीई कोअर लागते, जानेवारी २०२४ पासून घ्यायला लागलेत. निगडीकर, बुक करताना नाव नीट वाचा, दोन्ही एकाच साइटवर दिसतात आणि लोक घाईत अकॅडमिकचे पैसे भरून बसतात.

आणि ७९ प्लस वगैरे विसरा. कोअरमध्ये सीएलबी ९ ला (सीएलबी म्हणजे भाषा मोजायची कॅनडाची पट्टी, कुठल्याही टेस्टचे मार्क तिच्यात बदलून धरतात) लिसनिंग ८२, रीडिंग ७८, स्पीकिंग ८४ आणि रायटिंग ८८ पाहिजे. ९० पैकी ८८! ज्याचं रायटिंगच अडलंय त्याला हे सोपं आहे असं मी तरी म्हणणार नाही. एक खरंय की तिथे अडीचशे शब्दांचा निबंध नाही, उताऱ्याचा सारांश आणि ईमेल एवढंच.

एका मोड्यूलचं रिटेक कॅनडा घेत नाही. चारही परत द्यायचे. घरून ऑनलाइन देतात ती पण चालत नाही, सेंटरवरच जायचं.

रिचेकिंगला म्हणजे ईओआरला टेस्टच्या तारखेपासून ६ आठवड्यांच्या आत टाकावं लागतं, फक्त रायटिंगचं टाकता येतं, आणि बँड, म्हणजे स्कोअर, वाढला तर फी परत मिळते. अर्धाच बँड कमी आहे आणि लिहिताना पेपर चांगला गेला असं वाटत असेल तर टाका, वेळ संपल्यामुळे निबंध अर्धवट राहिला असेल तर पैसे वाचवा.

आता हा अर्धा बँड तुम्हाला कितीला पडतोय ते सांगते कारण क्लासवाले हे कधी सांगत नाहीत. साडेसहा म्हणजे रायटिंगला सीएलबी ८. बायको अर्जात सोबत धरली तर त्या एका मोड्यूलचे २९ ऐवजी २२ मिळतात, म्हणजे ७ गेले, ठीक आहे. पण खरी गोम पुढे आहे. चारही मोड्यूल सीएलबी ९ असले तर मास्टर्सचे जादा ५० आणि कॅनडाबाहेरच्या तीन वर्षांवरच्या नोकरीच्या अनुभवाचे जादा ५० मिळतात, एक जरी खाली आला तर दोन्हीकडे २५-२५. म्हणजे ७ आणि ५० मिळून ५७ मार्क त्या अर्ध्या बँडमध्ये आहेत. आणि ३४ लागल्यावर तुमचे जाणार ५. वाढदिवसाचं टेन्शन घेऊ नका, रायटिंगचं घ्या.

निगडीकर
बाप रे ५७! मला वाटलं ७-८ चा मामला असेल. पमीताई खूप धन्यवाद, क्लासमध्ये खरंच कोणी बोललं नाही हे.

मास्तरीणबाई
टेस्ट कुठली हे नंतर ठरवा, आधी दुखणं कुठे आहे ते बघू. मी बरीच वर्षं हे शिकवते म्हणून सांगते, जनरल ट्रेनिंगला सगळे निबंधाच्या मागे लागतात आणि पत्र उरकून टाकतात, पत्रात काय एवढं म्हणून. निबंधाला दुप्पट वजन आहे हे खरं, पण पत्र साडेपाच-सहाचं गेलं की निबंध सातचा असला तरी एकूण खालीच येतं. तुमच्या पत्राची सुरुवात आठवत असेल तशी टाका इथे. सरावातलं असलं तरी चालेल.

निगडीकर
सरावातलं टाकतो. प्रश्न असा होता की मित्र तुमच्या शहरात नोकरीला येतोय, त्याला पत्र लिहा, कुठल्या भागात राहावं ते सुचवा, तिथून ऑफिसला कसं जायचं ते सांगा, आणि पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे राहायला बोलवा.

मी लिहिलं: "डिअर अमित, आय ॲम रायटिंग धिस लेटर विथ रिफरन्स टू युवर अपकमिंग रीलोकेशन. आय वुड लाइक टू ब्रिंग टू युवर काइंड नोटीस दॅट वाकड इज व्हेरी गुड एरिया फॉर आयटी पीपल." पुढे वाकडबद्दल बरंच लिहिलंय, हिंजवडीचं ट्रॅफिक, बस, वगैरे. शेवटी "काइंडली डू द नीडफुल ॲण्ड रिव्हर्ट".

शंकासुर
अमितनं हे वाचून नोकरीच सोडली असेल 😂

मास्तरीणबाई
शंकासुर, गप्प बसा जरा.

निगडीकर, इंग्लिश तुमचं वाईट नाही, ते सगळं ऑफिसचं आहे एवढंच. दोस्ताला कोणी "काइंड नोटीस" मध्ये आणतं का? पत्र कोणाला आहे त्यावर भाषा बदलते का हे एक्झामिनर मुद्दाम बघतो. मित्र असेल तर "ग्रेट न्यूज अबाउट द जॉब!" म्हणून सरळ सुरू करा, मॅनेजर असेल तर वेगळं, ओळखच नसेल तर "डिअर सर ऑर मॅडम" आणि शेवटी "युवर्स फेथफुली". ती "रिव्हर्ट" ची सवय तर आजच सोडा.

दुसरं, प्रश्नात तीन मुद्दे होते. वाकड तुम्ही रंगवून सांगितलंत, प्रवास सांगितलात, पण घरी राहायला बोलवणं कुठेय? एका ओळीत असेल तर ते पुरत नाही, नसेलच तर मार्क तिथेच कापले. तिन्ही मुद्द्यांना साधारण सारखी जागा द्या. १५० शब्द हे कमीत कमी, १७०-१८० पर्यंत गेलं तर बरं, कॉम्प्युटरवर दिली तर शब्दांचा आकडा खाली दिसतोच.

तिसरं, "व्हेरी गुड एरिया" च्या आधी "अ" राहिलाय. हे आपल्या सगळ्यांचंच होतं कारण मराठीत ही भानगडच नाही, आणि बोलताना खपून जातं पण लिहिलेलं डोळ्यावर येतं. ग्रामरला रायटिंगचे पाव मार्क आहेत, तिथे सात पाहिजे तर बरीचशी वाक्यं बिनचूक लागतात. शेवटची पाच मिनिटं फक्त "अ", "द" आणि अनेकवचनाचा एस शोधायला ठेवा, बाकी काही बघू नका.

आणि टेम्प्लेट फेकून द्या. "इन धिस मॉडर्न एरा ऑफ ग्लोबलायझेशन" नं सुरू होणारे निबंध एक्झामिनरनं ढिगानं वाचलेले असतात. पाठ केलेलं चकचकीत वाक्य आणि पुढे तुमचं स्वतःचं वाक्य यातला सांधा लगेच दिसतो, जुन्या शर्टाला नवीन ठिगळ लावल्यासारखा.

निगडीकर
मॅडम साष्टांग नमस्कार. एवढ्या दिवसांत मला कोणी माझं पत्र वाचून दाखवलं नव्हतं, फक्त वर बँड लिहून द्यायचे. मग परत आयईएल्टीएसच देऊ का सेलपिप?

प्रेअरीतली_पमी
माझ्या नवऱ्यानं सेलपिप दिली होती. फायदा असा की बँड कन्व्हर्ट करायची भानगड नाही, लेव्हल ९ म्हणजे सीएलबी ९. रायटिंगमध्ये एक ईमेल २७ मिनिटांत आणि एका सर्व्हेला उत्तर २६ मिनिटांत, दोन्ही दीडशे ते दोनशे शब्दांचं. म्हणजे मोठा निबंध नाहीच. पण बाईंनी दाखवलेली दुखणी ईमेलमध्ये पण निघणारच. आणि स्पीकिंग माणसाशी नाही, हेडफोन घालून कॉम्प्युटरशी, समोर सेकंद पळत असतात आणि शेजारचे पाच-सहा जण त्यांच्या त्यांच्या सुट्टीचं वर्णन मोठ्यानं करत असतात. त्याचं डोकंच फिरलं होतं त्या गोंगाटात. तुमचं स्पीकिंग आत्ता बरोब्बर ७ वर आहे, लिसनिंग बरोब्बर ८ वर, म्हणजे काठावर. टेस्ट बदलून रायटिंग सुधारलं आणि स्पीकिंग घसरलं तर ५० परत गेलेच. मी तर म्हणेन ओळखीची आयईएल्टीएसच द्या, पण आधी महिनाभर रोज एक पत्र लिहून कोणाकडून तरी तपासून घ्या.

शंकासुर
मघाशी मस्करी केली, आता सिरीयसली बोलतो. सगळे ५७ मार्कांवर खूश आहेत, पण टोटल कोणी मारली का? मी मारली. वय ३३ चे ८०, मास्टर्सचे १२६, भाषेचे आत्ता ११२, बायकोच्या बीकॉमचे ८, पमीताईंनी सांगितलेले जादाचे २५-२५ मिळून ५०, झाले ३७६. रायटिंग ७ आलं तर ४३३. बायकोनं पण टेस्ट देऊन चारही सीएलबी ९ काढले तर अजून २०, म्हणजे ४५३. आणि २०२४, २०२५ मध्ये कॅनडात काम केलेल्यांचे जे ड्रॉ (म्हणजे जास्त मार्कवाल्यांना अर्जासाठी बोलावणाऱ्या फेऱ्या) झाले ते ५०० च्या वरचे आहेत, त्यात तर निगडीकर बसतच नाहीत, तिकडचा अनुभव शून्य. मग नुसतं रायटिंग ७ काढून प्रोफाइल पूलमध्ये, म्हणजे वाट बघणाऱ्यांच्या यादीत, लोणच्यासारखं मुरत ठेवायचं का? रिझल्टची मुदत दोनच वर्षं असते हे पण लक्षात घ्या, पीआरचा अर्ज भरायच्या दिवशी तो जिवंत असावा लागतो.

मन मोडायचं नाहीये, पण एजंट लोक हे सांगत नाहीत म्हणून मी सांगतो.

प्रेअरीतली_पमी
शंकासुरांचं गणित बरोबर आहे, कडू आहे पण बरोबर आहे. मग मला दोन वाटा दिसतात. एक प्रांताचं नॉमिनेशन, त्याचे ६०० मिळतात, पण ते तुमचं काम त्या प्रांताला हवं असेल तर. दुसरी वाट फ्रेंच. फ्रेंचला चारही मोड्यूलमध्ये एनसीएलसी ७ (ही फ्रेंचची सीएलबी) काढलं, टेफ किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची टेस्ट देऊन, तर जादा ५० आणि दुसऱ्या भाषेचे १२, म्हणजे ६२. रायटिंग ६.५ तसंच राहिलं तरी ३७६ चे ४३८ होतात आणि ७ आलं तर ४९५. आणि फ्रेंचवाल्यांचे ड्रॉ वेगळे निघतात, कटऑफ बाकीच्यांपेक्षा बराच खाली असतो. पण एनसीएलसी ७ म्हणजे साधारण बी२, बऱ्यापैकी वरची पातळी, शून्यापासून नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष सहज जातं, तीन महिन्यांत करून देतो म्हणणाऱ्या क्लासपासून लांब राहा.

निगडीकर
काय बोलू. सकाळी रिचेकिंगचं विचारायला आलो होतो आणि आता फ्रेंच शिकायला निघालोय. बायकोचं अकरावी-बारावीला फ्रेंच होतं, सगळे स्कोअरिंग म्हणून घेतात तसं. तिनं शिकलं तर चालेल का?

प्रेअरीतली_पमी
ते ६२ मुख्य अर्जदारालाच. तिचं फ्रेंच तुमच्या प्रोफाइलमध्ये मोजलं तर जोडीदाराच्या भाषेचे जास्तीत जास्त २० च मिळतात, इंग्लिशचे किंवा फ्रेंचचे, दोन्ही नाही. तिला मुख्य अर्जदार करून टोटल मारून बघा. तिचं वय किती?

निगडीकर
२९. तिचा अनुभव ६ वर्षं. आयईएल्टीएस दिली नाही अजून, पण तिची शाळा इंग्लिश मीडियमची.

शंकासुर
अहो मग इतका वेळ काय करत होतात! २९ म्हणजे वयाचे पूर्ण १००, तुमच्यापेक्षा २० जास्त. बीकॉम तीन वर्षांचं आहे, डब्ल्यूईएसकडून (परदेशी डिग्री तपासून देणारी संस्था) आधी मूल्यांकन करून घ्या, तिकडच्या बॅचलरला समान धरतात का त्यावर पुढचं ठरेल. दोघांनी दोन प्रोफाइल टाकली तरी चालतात, प्रत्येकानं दुसऱ्याला जोडीदार दाखवायचं.

मास्तरीणबाई
आणि तिला टेम्प्लेटवाल्या क्लासला पाठवू नका. दोघं मिळून रोज एक पत्र लिहा आणि एकमेकांची तपासा, बायको तुमचं "काइंड नोटीस" बरोब्बर पकडेल.

निगडीकर
पकडेल कसली, आत्ताच वाचून हसतेय. ईओआरची मुदत अजून आहे, ते टाकतो आज. डब्ल्यूईएसचं दोघांचं सुरू करतो. एकच शेवटचं, तिच्या पासपोर्टवर अजून माहेरचं आडनाव आहे, आधारवर सासरचं. टेस्ट कुठल्या नावानं बुक करू?

प्रेअरीतली_पमी
पासपोर्टवर आहे तसंच, स्पेलिंगसकट. सेंटरवर ओरिजिनल पासपोर्टच लागतो, आधार चालत नाही. नाव बदलायचं असेल तर आधी पासपोर्ट बदला आणि मग बुक करा, मधेच करू नका.